वाढलेले कोलेस्टेरॉल : उतरवावे कसे आणि किती?

चाळिशी ओलांडलेल्या शहरी माणसाच्या कपाटात ‘लिपिड प्रोफाइल’चा एखादा तरी अहवाल सापडतोच. कंपनीच्या वार्षिक तपासणीत किंवा विम्याच्या निमित्ताने रक्त दिले जाते आणि दुसऱ्या दिवशी ठळक ठशातला एक आकडा घरभर चर्चेचा विषय होतो. त्याच दिवसापासून तूप बंद, अंडे बंद आणि शेजाऱ्यांनी सांगितलेला लसूण सुरू. तीन महिन्यांनी आकडा थोडा उतरला की सारे पूर्ववत. हा क्रम इतका सर्वसाधारण आहे की त्यातील धोका कुणाच्या लक्षातही येत नाही. वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही आणि रात्रीची झोपही मोडत नाही. रक्तवाहिनीच्या अस्तराखाली ते वर्षानुवर्षे साचत राहते. अनेकदा त्याचे पहिले लक्षण म्हणजे थेट हृदयविकाराचा झटकाच असतो.

भारतीयांच्या बाबतीत हा झटका लवकर येतो. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील रुग्णांचे पहिल्या झटक्याच्या वेळचे सरासरी वय ५३ वर्षे आढळले, तर इतर देशांत ते ५८.८ वर्षे होते. घर चालवणाऱ्या माणसाच्या आयुष्यातली ही जवळजवळ सहा वर्षे आहेत. मुलांची शिक्षणे आणि गृहकर्जाचे हप्ते बहुधा याच वर्षांत चालू असतात.

मुळात कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे आणि तो शरीराचा शत्रू नव्हे. प्रत्येक पेशीचे आवरण, पित्तातील क्षार, ‘ड’ जीवनसत्त्व आणि स्त्री-पुरुषांची संप्रेरके यांच्या घडणीत त्याचा वाटा असतो. गरजेपैकी बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते आणि त्यात यकृताचे काम मोठे असते. ताटातून येणारा भाग त्या मानाने लहान असतो. हा मुद्दा ध्यानात ठेवला तर आहारासंबंधीचे निम्मे गैरसमज आपोआप दूर होतात.

रक्त हे पाण्याचे माध्यम आणि कोलेस्टेरॉल स्निग्ध, त्यामुळे ते प्रथिनांच्या आवरणात गुंडाळूनच वाहून न्यावे लागते. यकृताकडून शरीरभर नेणाऱ्या कणांना एलडीएल म्हणतात, तर शिल्लक कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणण्यात भाग घेणाऱ्या कणांना एचडीएल. एलडीएलचे कण रक्तात गरजेहून अधिक झाले की ते धमनीच्या भिंतीत शिरतात. तिथे दाह सुरू होतो, पांढऱ्या पेशी ते कण गिळून फुगतात आणि हळूहळू थर तयार होतो. हा थर एखाद्या दिवशी फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि रक्तप्रवाह थांबतो. झटका येतो तो असा. म्हणूनच ‘नळीत कचरा साठतो’ ही लोकप्रिय उपमा अपुरी आहे. जेमतेम निम्मी अरुंद झालेली वाहिनीही थर फुटल्यास एका तासात बंद पडू शकते.

ही समजूत सिद्ध व्हायला बराच काळ लागला. सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह यांनी १९१३ मध्ये सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत थर साचतात हे दाखवले, पण ससा शाकाहारी असल्यामुळे तो दाखला माणसाला लागू होतो की नाही, यावर वाद रंगला. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून ५,२०९ रहिवाशांची वर्षानुवर्षे तपासणी झाली, तेव्हा कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध माणसांतही स्पष्ट दिसला. यकृताच्या पेशी एलडीएल कसे उचलतात, याचा शोध मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी लावला. त्याबद्दल त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अहवालात काय पाहावे?

एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या वर गेले की माणूस घाबरतो आणि १९० आले की निर्धास्त होतो. दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या असू शकतात. पाहायचा पहिला आकडा एलडीएलचा. दुसरा आकडा अनेक अहवालांत ‘नॉन-एचडीएल’ या नावाने वेगळा दिलेला असतो. तो नसेल तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावे. ट्रायग्लिसराइड्स वाढलेले असतील किंवा मधुमेह असेल, तेव्हा हा आकडा एलडीएलइतकाच महत्त्वाचा ठरतो. पुष्कळ प्रयोगशाळा एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, ते इतर आकड्यांवरून सूत्राने काढतात. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असल्यास हे जुने सूत्र भरवशाचे राहत नाही.

एलडीएल किती असावे, याला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूत्रे जाहीर केली. त्यांनुसार सर्वसामान्य व्यक्तीचे एलडीएल दर डेसिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅमच्या खाली असावे. मधुमेह, उच्च रक्तदाब अशी जोखीम अधिक असलेल्यांचे ७० च्या खाली, तर झटका येऊन गेलेल्यांचे आणि तत्सम अतिजोखमीच्या रुग्णांचे ५५ च्या खाली असावे. प्रयोगशाळेच्या छापील तक्त्यात १३० पर्यंतचा आकडा ‘नॉर्मल’ दिसत असला, तरी बायपास झालेल्या माणसासाठी तो मुळीच नॉर्मल नव्हे. अहवालावरचा तारा रुग्ण कोण आहे हे पाहून छापलेला नसतो.

याच सूत्रांत आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली, सर्वसाधारण तपासणीसाठी उपाशीपोटी रक्त देण्याची सक्ती आता उरलेली नाही. ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेले असतील तेव्हाच उपाशीपोटी फेरतपासणी करतात. दुसरी, आयुष्यात एकदा तरी ‘लायपोप्रोटीन-ए’ ही तपासणी करून घ्यावी. हा कण बहुतांशी आनुवंशिक असतो, आहाराने फारसा हलत नाही आणि सुमारे २५ टक्के भारतीयांत त्याचे प्रमाण वाढलेले असते. घरात अकाली हृदयविकार आहे, पण कोलेस्टेरॉल मात्र बरे दिसते, अशा कोड्याचे उत्तर कधी कधी याच तपासणीत सापडते.

उपचार सुरू करण्यापूर्वी कोलेस्टेरॉल वाढण्यामागे दुसरा आजार तर नाही ना, हेही पाहावे लागते. थायरॉइडचे काम मंदावले की एलडीएल चढते, आणि मध्यमवयीन स्त्रियांत हे वारंवार आढळते. मूत्रपिंडाचे काही विकार, अनियंत्रित मधुमेह आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स यांचाही परिणाम होतो. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर कोलेस्टेरॉल वेगळा उपचार न करता उतरल्याची उदाहरणे दवाखान्यांत नेहमीची आहेत.

भारतीय दुखणे थोडे वेगळे

महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक १३.९ टक्के आणि एलडीएल वाढलेले ११.८ टक्के होते. ट्रायग्लिसराइड्स वाढलेले मात्र २९.५ टक्के, तर एचडीएल कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के होते. पाश्चात्त्य देशांत लोणी-मांसाने एलडीएल वाढते, तर आपल्याकडे भात, मैदा, साखर आणि बैठे काम यांनी ट्रायग्लिसराइड्स चढतात आणि एचडीएल घसरते. म्हणून परदेशी पुस्तकातला आहार जशाचा तसा उचलून भागत नाही. ‘तेल-तूप अजिबात नाही’ असे अभिमानाने सांगणारा माणूस दिवसातून पाच कप गोड चहा, दोन वेळा भरपूर भात आणि संध्याकाळी बिस्किटे खात असेल, तर त्याचे ट्रायग्लिसराइड्स खाली येणार नाहीत. मद्याचेही तसेच. ‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली’ या समजुतीचा आधार घेणाऱ्यांनी आपल्या अहवालातील ट्रायग्लिसराइड्सचा आकडा एकदा पाहावा. तो ५०० च्या पुढे गेला, तर हृदयाबरोबर स्वादुपिंडाचीही काळजी करावी लागते.

ताटातले उपाय

आहारात सर्वाधिक फरक पडतो तो संपृक्त मेद कमी करून त्याच्या जागी असंपृक्त मेद आणल्याने. तूप, लोणी, साय, चीज, खोबरेल, पामतेल आणि मांसातील चरबी हे संपृक्त मेदाचे मुख्य स्रोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी उष्मांक संपृक्त मेदातून यावेत. २,००० उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा साधारण २२ ग्रॅम होते. म्हशीचे किंवा ‘फुल क्रीम’ दूध एक मोठा पेला घेतले, तर त्यातच ९ ते १० ग्रॅम संपतात. वरणभातावर चहाचा एक चमचा तूप घेतले, तर सुमारे ३ ग्रॅम.

हा हिशेब पाहिला की तुपाविषयीचा कडाक्याचा वाद बराचसा निरर्थक वाटू लागतो. गरम भातावरचे चमचाभर साजूक तूप हे कोलेस्टेरॉल वाढण्याचे मुख्य कारण क्वचितच असते. पुरणपोळीवरची वाटीभर धार, रोजचे साईचे दही, सकाळचे लोणी-पाव आणि रविवारचे पनीर या सर्वांची बेरीज हे खरे कारण असते. याउलट, तूप आयुर्वेदात गौरवलेले आहे म्हणून ते हवे तेवढे खावे, या नव्याने फैलावलेल्या मताला शास्त्रीय आधार नाही. तुपातील साठ टक्क्यांहून अधिक मेद संपृक्त असतो आणि एलडीएलवर त्याचा परिणाम होतोच. झटका येऊन गेलेल्या माणसाने तो चमचाही डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

खोबरेल तेलाचेही असेच. त्यात संपृक्त मेद ९० टक्क्यांच्या आसपास असतो. २०२० मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सुमारे १० मिलिग्रॅमने अधिक आढळले. कोकणी माणसाने आमटीतले ओले खोबरे सोडावे, असा याचा अर्थ नव्हे. मात्र ‘हृदयासाठी गुणकारी’ म्हणून सकाळी उपाशीपोटी खोबरेल पिण्याची जी टूम निघाली, तिच्यापासून दूर राहिलेले बरे.

मग तेल कोणते वापरावे? करडई, शेंगदाणा, सूर्यफूल, मोहरी, सोयाबीन, तांदळाच्या कोंड्याचे, यांपैकी कोणतेही चालते. ही तेले आलटून पालटून वापरली तर अधिक चांगले. करडईच्या तेलात संपृक्त मेद फारच कमी असतो. मराठवाडा आणि सोलापूर भागातल्या स्वयंपाकघरांत ते पिढ्यान्‌पिढ्या होते आणि स्वस्त पामतेलाने त्याला मागे सारले, हे दुर्दैवच. पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाला भुलू नये. कोणत्याही वनस्पती तेलात नगण्य म्हणावे इतकेच कोलेस्टेरॉल असते, त्यामुळे ही जाहिरात ‘मीठमुक्त साखर’ म्हणण्यासारखी आहे. तेलाच्या प्रकारापेक्षा त्याचे माप महत्त्वाचे. महिन्याला घरात येणारे तेल माणसांच्या संख्येने भागावे. दरडोई अर्धा लिटरच्या आसपास उत्तर आले तर ठीक, असा ढोबळ निकष आहारतज्ज्ञ सांगतात. चारजणांच्या कुटुंबात पाच लिटरचा डबा महिन्याच्या आत संपत असेल, तर तेल कोणत्या कंपनीचे आहे हा प्रश्न गौण ठरतो.

सर्वांत घातक मेद म्हणजे ट्रान्स फॅट. वनस्पती तुपातून तो वर्षानुवर्षे पोटात गेला. तो एलडीएल वाढवतो आणि एचडीएल घटवतो, म्हणजे दुहेरी नुकसान. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेले आणि मेदांमधील ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. कायदा चांगला आहे, पण कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी, नानकटाई आणि पफ यांत नेमके काय घातले आहे, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. वडे-भज्यांच्या कढईतले दिवसभर उकळणारे तेल हा आणखी एक प्रश्न. घरीही तळणीचे उरलेले तेल पुन्हा तळायला न घेता फोडणीला थोडे थोडे वापरून लवकर संपवावे.

अंड्याला मात्र उगाच बदनाम करण्यात आले. एका बलकात सुमारे १८० ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते खरे, पण बहुतेकांच्या रक्तातील एलडीएलवर आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेदाचाच परिणाम जास्त होतो. अमेरिकेच्या २०१५ च्या आहारविषयक सूत्रांनी दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा काढून टाकली, ती याच कारणाने. निरोगी माणसाला दिवसाला एक अंडे चालते. मधुमेही आणि एलडीएल बरेच वाढलेल्यांनी बलकाचे प्रमाण बेतानेच ठेवावे. कोळंबीचेही असेच आहे, तिच्यात कोलेस्टेरॉल बरेच असले तरी संपृक्त मेद अत्यल्प असतो. ती तळून खाल्ली तर गोष्ट वेगळी.

कमी काय करावे याची चर्चा फार होते, वाढवावे काय याची होत नाही. विद्राव्य तंतू आतड्यात चिकट लगदा तयार करून पित्तक्षार धरून ठेवतात आणि शरीराबाहेर नेतात. नवे पित्तक्षार बनवण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल उचलावे लागते. ओट आणि जव या धान्यांतील अशा तंतूचे दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेले, तर एलडीएल सुमारे ५ टक्क्यांनी उतरते, असे अभ्यास सांगतात. त्यासाठी ओट पाऊण वाटीभर नव्हे, तर चांगले ७५ ते ८० ग्रॅम लागतात. ओट आवडत नसतील तर गुजरातेतील उंझ्याच्या बाजारातून देशभर जाणारा इसबगोल आहेच. रोज सुमारे १० ग्रॅम इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास एलडीएल ५ ते १० टक्के कमी होऊ शकते. बद्धकोष्ठाचे औषध म्हणून घराघरांत असलेल्या या डब्याचा हा उपयोग फार थोड्यांना ठाऊक असतो. इतर औषधे आणि इसबगोल यांच्यात मात्र दोन-तीन तासांचे अंतर राखावे.

कडधान्यांची रोज एक वाटी उसळ खाल्ल्याने एलडीएल सुमारे ५ टक्के घटते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले. मटकी, चवळी, हरभरे, मसूर, काहीही चालते. अट एवढीच की उसळीवर फरसाणाचा डोंगर आणि तर्रीचा तवंग नसावा. मूठभर बदाम, अक्रोड किंवा शेंगदाणे आणि जवसाची चटणी हे चांगले पदार्थ आहेत. बांगडा आणि तारली ट्रायग्लिसराइड्ससाठी उपयोगी, एलडीएल मात्र माशाने उतरत नाही.

या सगळ्या गोष्टी एकत्र केल्या तर काय होते? कॅनडातील टोरांटो येथे डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ते पाहिले. विद्राव्य तंतू, सोया, बदाम आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल यांचा एकत्रित आहार काहींना महिनाभर दिला, तेव्हा त्यांचे एलडीएल २८ टक्क्यांहून अधिक उतरले. लोव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत ही घट सुमारे ३१ टक्के होती. निष्कर्ष आकर्षक आहे, पण त्या प्रयोगात खाणे मोजूनमापून पुरवले गेले होते. घरी स्वतःच्या हिमतीवर असा आहार चालवणाऱ्यांत घट बरीच कमी राहते.

गुग्गुळ आणि लसूण

गुग्गुळाची कथा भारतीय संशोधनाच्या दृष्टीने मुळातून समजून घेण्याजोगी आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात संशोधन केले आणि १९६६ मध्ये गुग्गुळाने सशांच्या रक्तातील मेद कमी होतो, असे दाखवले. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने पुढे त्यापासून औषध तयार केले आणि १९८० च्या दशकात ते बाजारात आले. भारतातील चाचण्यांत चांगले परिणाम दिसले होते. मग २००३ मध्ये अमेरिकेतील १०३ जणांच्या आठ आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ही चाचणी काटेकोर होती आणि तुलनेसाठी एका गटाला औषध नसलेली गोळी दिली होती. तिच्यात गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल उतरण्याऐवजी ४ ते ५ टक्के वाढले, काहींना अंगावर पुरळही उठले. आहारातील फरकामुळे निकाल वेगळे आले, असे समर्थन करण्यात आले आणि ते पूर्णतः फेटाळता येत नाही. तथापि गुग्गुळाच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करावी, इतका पुरावा आज नाही. शिवाय राजस्थान-गुजरातच्या रुक्ष भागातील हे झुडूप आता अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. डिंकासाठी झाडाला खोल जखमा करण्याच्या पद्धतीने त्याचा बळी घेतला.

लसणाचा निकाल अधिक स्पष्ट आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १९२ जणांची विभागणी करून कुणाला कच्चा लसूण, कुणाला लसणाच्या गोळ्या तर कुणाला औषध नसलेल्या गोळ्या सहा महिने दिल्या. एलडीएलमध्ये कोणत्याही गटात लक्षणीय फरक पडला नाही. लसूण फोडणीत उत्तमच, पण औषध म्हणून त्याची कुवत मर्यादित आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्ट तांदळाच्या गोळ्यांची गंमत तर निराळीच. त्या गुणकारी असतात, कारण त्यांत लोव्हास्टॅटिन हेच रसायन असते, फक्त किती आहे याची हमी नसते.

चालणे, वजन आणि तंबाखू

आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्याने ट्रायग्लिसराइड्स कमी होतात, एचडीएल किंचित वाढते, वजन, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते. एलडीएल मात्र केवळ चालण्याने फारसे उतरत नाही. रोज पहाटे टेकडी चढूनही एलडीएल १६० का, असा प्रश्न पडणाऱ्यांनी खट्टू होऊ नये. व्यायाम वाया गेलेला नाही, त्याचे काम वेगळे आहे. वजन ५ ते १० टक्क्यांनी घटले तरी ट्रायग्लिसराइड्समध्ये चांगला फरक पडतो. धूम्रपान सोडल्यावर एचडीएल सुधारते आणि झटक्याची जोखीम कोलेस्टेरॉलच्या आकड्यापलीकडे कितीतरी कमी होते.

एचडीएल वाढवण्याच्या औषधांनी मात्र निराशा केली. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढले, पण ते घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाल्याने २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. तेव्हापासून उपचारांचा सगळा भर एलडीएल उतरवण्यावर आहे.

गोळी कधी आणि किती काळ?

आहाराने एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरले तरी पुष्कळ झाले. ज्याला १७० वरून ७० वर यायचे आहे, त्याचे केवळ ताटातल्या बदलाने भागणार नाही. इथे स्टॅटिन गटाची औषधे येतात. जपानमधील अकिरा एन्डो यांनी सुमारे ६,००० बुरशींची तपासणी केली आणि १९७३ मध्ये क्योटोतील एका धान्याच्या दुकानातील तांदळावरच्या बुरशीपासून पहिले स्टॅटिन वेगळे केले. या गटातील लोव्हास्टॅटिनला १९८७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचा निकाल आला, तेव्हा शंकेखोर डॉक्टरांचेही मत पालटले. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी होते. एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने उतरले की झटका, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे २२ टक्क्यांनी घटतात, हे पुढे लाखाहून अधिक रुग्णांच्या माहितीवरून दिसून आले.

ज्यांना झटका येऊन गेला, ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली, ज्यांचे एलडीएल १९० किंवा अधिक आहे आणि चाळिशी ओलांडलेले बहुतेक मधुमेही, यांना स्टॅटिन लागतेच. इतरांच्या बाबतीत वय, रक्तदाब, धूम्रपान, कौटुंबिक इतिहास असा सगळा हिशेब करून डॉक्टर ठरवतात. अमेरिकेच्या २०१८ च्या सूत्रांनी तर दक्षिण आशियाई वंश हाच जोखीम वाढवणारा घटक मानला आहे.

दुष्परिणामांची भीती हा गोळी सोडण्यामागचा मोठा बहाणा असतो. स्नायुदुखी होते हे खरे, पण सांगितले जाते तितकी नव्हे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार स्टॅटिनमुळे होणारी जादा स्नायुदुखी पहिल्या वर्षी दर हजारी सुमारे ११ जणांत आढळली. त्याआधी २०२० मध्ये लंडनमध्ये झालेला प्रयोग अधिक बोलका आहे. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, अशा क्रमाने ठेवले. स्टॅटिनच्या महिन्यांत होणाऱ्या त्रासापैकी ९० टक्के त्रास त्या रिकाम्या गोळीनेही झाला. त्रास खोटा नव्हता, त्याचे कारण मात्र गोळीतले औषध नव्हते. तरीही तीव्र स्नायुदुखी, अशक्तपणा किंवा गडद लघवी झाल्यास गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे. रक्तातील साखर किंचित वाढू शकते, विशेषतः मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत, पण हृदयाला होणारा लाभ त्याहून मोठा असतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके काही स्टॅटिनबरोबर चालत नाहीत, म्हणून दुसऱ्या आजारासाठी गेल्यावरही या गोळीचा उल्लेख जरूर करावा. मूल हवे असलेल्या स्त्रियांनी आधीच सल्ला घ्यावा. गरोदरपणात बहुतेकींचे स्टॅटिन थांबवतात.

डोस दुप्पट केला तर परिणाम दुप्पट होत नाही, एलडीएल आणखी जेमतेम ६ टक्के उतरते. त्यामुळे डॉक्टर पुष्कळदा गोळी मोठी करण्याऐवजी एझेटिमाइब जोडतात. हे औषध आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण रोखते. ज्यांना स्टॅटिन खरोखर सोसत नाही त्यांच्यासाठी बेम्पेडोइक आम्ल आहे, त्याचा लाभ २०२३ मधील सुमारे १४,००० जणांच्या चाचणीत दिसला. इन्क्लिसिरान हे इंजेक्शन सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते आणि एलडीएल निम्म्यावर आणते. ते भारतात उपलब्ध असले तरी सामान्य पगारदाराच्या खिशाला परवडणारे नाही. त्या तुलनेत अॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिनची गोळी जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळते.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांत फेरतपासणी करतात. आणि नेमका इथेच घात होतो. आकडा ६८ आला, ‘नॉर्मल झाले’ म्हणून गोळी बंद. वास्तविक तो आकडा गोळीमुळे आलेला असतो. ती थांबवल्यावर यकृत आपले जुने काम सुरू करते आणि काही आठवड्यांत एलडीएल पूर्वपदावर जाते. चष्मा लावल्यावर स्पष्ट दिसते म्हणून कुणी चष्मा फेकून देत नाही. झटका येऊन गेलेल्या रुग्णाने परस्पर गोळी सोडणे तर थेट जिवाशी खेळ आहे.

घराण्याचा वारसा

काही घरांत या आजाराचे मूळ जन्मातच असते. एलडीएल उचलणाऱ्या यंत्रणेतील जनुकीय दोषामुळे लहानपणापासूनच आकडा चढा असतो. दर २५० ते ३०० व्यक्तींमागे एकीत हा दोष असतो. म्हणजे हजार बिऱ्हाडांच्या एखाद्या वसाहतीत असे दहाबारा रहिवासी सहज निघतील आणि त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताही नसेल. प्रौढाचे एलडीएल १९० च्या वर असणे, टाचेमागच्या किंवा बोटांच्या शिरांवर पिवळट गाठी येणे, तरुण वयातच बुबुळाभोवती पांढरट कडे दिसणे आणि वडील, काका किंवा मामा यांना पंचावन्नच्या आत झटका आलेला असणे, ही त्याची चिन्हे. अशा माणसाला ‘तेलकट कमी खा’ एवढेच सांगून परत पाठवणे हा त्याच्यावर अन्यायच. आहार हवाच, पण त्याला औषध तरुणपणीच लागते.

आई किंवा वडिलांपैकी एकात हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. दोघांकडूनही आला, तर एलडीएल ४०० च्या पुढे जाते आणि विशीच्या आत झटका येऊ शकतो. नात्यात लग्ने होणाऱ्या समाजांत हा धोका अधिक. म्हणून घरात एकाचे निदान झाले की त्याची भावंडे आणि मुले यांचीही तपासणी करतात. भारतीय सूत्रांनुसार पहिली लिपिड तपासणी १८ व्या वर्षी व्हावी, पण अशा घरातील मुलांसाठी तितके थांबायचे कारण नाही. दोष आढळल्यास साधारण ८ ते १० वर्षांच्या वयापासून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली स्टॅटिन सुरू करतात आणि त्या मुलांची वाढ व अभ्यास इतरांसारखाच चालू राहतो.